राखून ठेवलेला डाव : चंद्रकांत पंडित आणि विदर्भ

मराठीतले क्रीडालेखन बहुतांशी फलंदाजांचा इतिहास सांगते. गोलंदाज त्यात अधूनमधून येतो, कर्णधार आला तर एखाद्या विजयापुरता येतो, आणि प्रशिक्षकाला तर आत्मचरित्राच्या ऋणनिर्देशात एक ओळ मिळाली तरी पुष्कळ झाले. कुस्तीच्या परंपरेने मात्र या माणसाला फार पूर्वीच नाव आणि मान दोन्ही दिले आहेत. तो म्हणजे वस्ताद. एकेकाळी स्वतः लाल मातीत उतरलेला, कधी जिंकलेला, कधी चीतपट झालेला, आणि लंगोट उतरवल्यावर हौद्याच्या कडेला बसून दुसऱ्यांची अंगे घडवणारा हा माणूस. वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. तो राखून ठेवलेला डाव कोणता असावा, आणि वस्ताद निघून गेल्यावर तालमीत काय उरते, हे प्रश्न आम्ही येथे चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने विचारू इच्छितो. ते चंद्रपूर-गडचिरोलीत बसून विचारण्याला एक कारण आहे. त्याकडे शेवटी वळू.

खेळाडूचा वस्ताद होणे ही गोष्ट जगात ज्या प्रदेशाने सर्वांत ठळकपणे करून दाखवली तो म्हणजे स्कॉटलंड. मॅट बस्बी, बिल शँकली आणि जॉक स्टीन हे ब्रिटिश फुटबॉलचे तीन मोठे व्यवस्थापक स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यात जन्मले. तिघांनीही तरुणपणी खाणीत काम केले होते. तिघेही खेळाडू होते. पण त्यांची नावे राहिली ती त्यांनी घडवलेल्या संघांमुळे : बस्बींचे मँचेस्टर युनायटेड, शँकलींचे लिव्हरपूल, आणि १९६७ साली लिस्बनमध्ये युरोपियन कप जिंकणारे स्टीन यांचे सेल्टिक. त्यांच्या पुढच्या पिढीतले ॲलेक्स फर्ग्युसन ग्लासगोच्या गोदीकामगारांच्या वस्तीतले. १९६९ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्स सेल्टिककडून ०-४ असे हरले. सेल्टिकचा कर्णधार मॅकनील याला रोखण्याचे काम फर्ग्युसन यांच्याकडे होते, आणि त्यानेच सामन्याच्या सुरुवातीला गोल केला. रेंजर्सकडून खेळण्याचे त्यांचे दिवस त्या पराभवाने जवळजवळ संपवले. पुढे व्यवस्थापक म्हणून ते ॲबर्डीनला गेले. १९६५ नंतरची पंधरा वर्षे स्कॉटलंडचे लीग विजेतेपद सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांबाहेर गेले नव्हते. फर्ग्युसन यांच्या ॲबर्डीनने ते १९८०, १९८४ आणि १९८५ असे तीनदा जिंकले. पराभवाची जखम, वस्तादपण, आणि केंद्राबाहेरच्या गावाला जिंकायला शिकवणे या तीन गोष्टींची ही सांगड ध्यानात ठेवावी. आपल्या कथेत ती पुन्हा येणार आहे.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. रमाकांत आचरेकर यांच्या शिष्यांपैकी ते एक. यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून त्यांनी मुंबईच्या संघात जम बसवला. १९८६ साली इंग्लंडमध्ये हेडिंग्ले येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले, तेही मोहिंदर अमरनाथ जायबंदी असल्याने, केवळ फलंदाज म्हणून. यष्ट्यांमागे किरण मोरे होते. पुढेही असेच घडत राहिले. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, वानखेडेवर, आजारी दिलीप वेंगसरकरांच्या जागी ते खेळले आणि २४ धावा करून बाद झाले. भारत तो सामना ३५ धावांनी हरला. एकूण ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने एवढीच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. प्रथम श्रेणीत मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या. दुसऱ्याच्या जागी खेळणाऱ्या माणसाला मैदान निराळे दिसत असावे. आपली जागा आपली आहे असे गृहीत धरण्याची चैन त्याला परवडत नाही, म्हणून तो तयारीला देवघरातल्या नेमासारखे जपतो. यष्टिरक्षकाची जागाही अशी की मैदानातला प्रत्येक चेंडू त्याच्या डोळ्यांसमोरून जातो. वस्ताद होण्यासाठी याहून चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळू लागले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात मध्य प्रदेशचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर समोर कर्नाटक होते. मध्य प्रदेशने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. पाच दिवसांच्या अंतिम सामन्याचा निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडीच करंडक देते. म्हणजे शेवटचा दिवस खेळून काढला असता तरी इतिहास घडला असता. परंतु दुसऱ्या डावात विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. हरलेला कर्णधार त्या मैदानावरून परतला तो एक हिशेब बाकी ठेवून.

खेळणे थांबल्यावर पंडित प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन हंगाम त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला, आणि ते मुंबईकडे परतल्यावर २०१५-१६ मध्ये पुन्हा जिंकला. मात्र मुंबईने करंडक जिंकणे यात कोणाला नवल वाटत नाही. तेथे प्रशिक्षकाचे श्रेय गृहीत धरले जाते आणि अपयश मोजले जाते. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला झालेल्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईने नवा प्रशिक्षक नेमला आणि पंडित नागपूरला आले.

येथे थोडे विदर्भाविषयी. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत होता. साठ हंगाम झाले, पण अंतिम सामना एकदाही वाट्याला आला नव्हता. इतर संघांच्या दृष्टीने विदर्भ म्हणजे गुण वसूल करण्याचे ठिकाण होते. महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत विदर्भाशी जोडलेला एक शब्द आहे : अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य असा खातेवार अनुशेष मोजून दाखवला. परंतु अनुशेषाचे एक खाते असे आहे की ज्याचे मोजमाप कोणत्याही समितीला करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेल्या प्रदेशाला मागे राहणे अंगवळणी पडते. सामना अनिर्णित राखला यातच समाधान मानले जाते, मोठ्या संघाविरुद्ध शतक काढलेल्या फलंदाजाचा सत्कार होतो, आणि हरल्याचे दुःख कोणी करीत नाही. पंडित यांच्यापुढचे खरे काम या खात्यातले होते.

तरीही येथे भोळी चरित्रभक्ती टाळली पाहिजे. पंडित नापीक रानात आले नव्हते. आमच्या झाडीपट्टीत धानाची शेती करणाऱ्यांना ठाऊक असते की रोवणीच्या आधी पऱ्हे टाकावे लागतात, आणि पऱ्हे टाकणाऱ्याचे नाव सुगीत कोणी घेत नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने ते काम केले होते. २००८ साली जामठ्याचे मैदान कसोटी क्रिकेटला खुले झाले. अकादमी उभी राहिली, आणि सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारखा माजी कसोटी गोलंदाज येथल्या वेगवान गोलंदाजांवर वर्षानुवर्षे मेहनत घेत होता. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा वसाहतीत वाढलेला, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत जाता येते हे प्रथमच सिद्ध झाले. मुंबईचे वसीम जाफर आणि कर्नाटकाचे गणेश सतीश हे अनुभवी फलंदाज बाहेरून येऊन संघात रुळले होते. फैज फजलसारखा घरचा कर्णधार होता. पंडित आले ते रोवणीच्या वेळी.

२०१७-१८ च्या हंगामातला कोलकात्याचा उपांत्य सामना आम्हाला अंतिम सामन्याहूनही महत्त्वाचा वाटतो. समोर कर्नाटक. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. तळाचे फलंदाज एकेक धाव जोडत गेले आणि सामना हातातून निसटू लागला. जुना विदर्भ अशा वेळी ‘चांगली झुंज दिली’ या मथळ्यासाठी तयार झाला असता. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर असलेल्या रजनीश गुरबानीने उरलेले गडी टिपले. त्या डावात त्याने ६८ धावांत ७ बळी घेतले आणि विदर्भाने सामना ५ धावांनी जिंकला. त्या पाच धावांत साठ वर्षांची सवय मोडली.

अंतिम सामना होता इंदूरला, म्हणजे ज्या मैदानावर त्याच वर्षीच्या जानेवारीत पंडित मुंबईबरोबर हरले होते तेथेच. दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने त्रिक्रम साधला. रणजीच्या अंतिम सामन्यातला हा केवळ दुसरा त्रिक्रम. अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने १३३ धावा करून आपले पहिले प्रथम श्रेणी शतक अंतिम सामन्यात नोंदवले. विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर उभा केला आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक जिंकला. पाठोपाठ इराणी करंडकात ७ बाद ८०० धावा रचल्या, त्यांत जाफर यांच्या २८६.

एकदा जिंकणे योगायोग असू शकतो, आणि तशी कुजबुज झालीही. पुढच्या हंगामात नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवले. डावखुऱ्या आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. इराणी करंडकही पुन्हा जिंकला. त्याचे बक्षीस पुलवाम्यात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचा निर्णय संघाने जाहीर केला. जिंकणाऱ्यालाच देता येते, ही साधी गोष्ट त्या दिवशी विदर्भाच्या ध्यानात आली असेल.

पंडित यांची शिस्त कडक, प्रसंगी लष्करी थाटाची, असे त्यांचे शिष्यही सांगतात. मुंबईच्या मैदानांत ज्याला ‘खडूस’पणा म्हणतात, म्हणजे विकेट फुकट न देणे, जिंकता येत नसेल तर हरायचे नाही, जिंकता येत असेल तर दया करायची नाही, तो त्यांनी नागपूरला आणला. येथे एक शंका मनात येते. मुंबईचा माणूस येऊन वऱ्हाड-झाडीला जिंकणे शिकवतो, यातही केंद्र आणि परिघाचेच जुने नाते नाही का? आम्ही या शंकेवर बराच विचार केला. आम्हाला वाटते की पंडित यांच्याजवळ मुंबईचे तंत्र होते, पण विदर्भाला उपयोगी पडली ती त्यांची दुसरी शिदोरी : चिन्नास्वामीवर हरलेल्या कर्णधाराची. सदैव जिंकणाऱ्याला हरणाऱ्याची मनोवस्था कळत नाही. आघाडी घेऊन हरलेल्या माणसाला हातातून सामना कसा निसटतो याची क्षणाक्षणाची माहिती असते.

तो हिशेब पुढे चुकता झाला. २०२० साली पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये रणजीचा अंतिम सामना चिन्नास्वामी मैदानावरच होता आणि समोर मुंबई होती. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशने ५३६ धावांनी उत्तर दिले आणि २६ जूनला सहा गडी राखून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. तेवीस वर्षांपूर्वीच्या पराभूत कर्णधाराला त्याच मैदानावर अश्रू आवरले नाहीत. कादंबरीकाराने असा शेवट लिहिला असता तर आम्हीच समीक्षक म्हणून त्याला कृत्रिमतेचा दोष दिला असता. मुंबई तीनदा, विदर्भ दोनदा, मध्य प्रदेश एकदा : सहा रणजी करंडक प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर जमा झाले.

या पद्धतीच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. २०२४ साली संघाने आयपीएल जिंकली. पण त्या यशाचे श्रेय लोकांनी मुख्यतः मार्गदर्शक गौतम गंभीर यांना दिले. काही परदेशी खेळाडूंना पंडित यांची शिस्त जाचक वाटली, असे त्या संघातून खेळलेल्या डेव्हिड वीसे यांनी जाहीरपणे सांगितले. २०२५ मध्ये ते त्या संघापासून वेगळे झाले. दोन महिन्यांसाठी जमणाऱ्या, लिलावात विकत घेतलेल्या संघाला वस्ताद नको असतो. वस्तादाला लागते ती तालीम, म्हणजे पावसाळाभर एकत्र घाम गाळणारी, एका प्रदेशाचे नाव छातीवर लावणारी मुले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. वस्ताद गेल्यावर काय उरले? फर्ग्युसन १९८६ साली मँचेस्टरला गेले, तेथे त्यांनी तेरा वेळा लीग जिंकून दाखवली. पण ॲबर्डीनला त्यानंतर २०२५ पर्यंत स्कॉटलंडचे लीग विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. वस्तादाबरोबर विद्याही गेली. विदर्भाचे तसे झाले नाही. मार्च २०२४ मध्ये नागपूरला रणजीचा उपांत्य सामना झाला तो विदर्भ आणि पंडित यांच्या मध्य प्रदेशमध्ये, आणि विदर्भाने तो ६२ धावांनी जिंकला. अंतिम सामन्यात मुंबईपुढे ५३८ धावांचे अशक्य लक्ष्य असताना विदर्भाने ३६८ धावांपर्यंत झुंज नेली. त्यात वाडकरचे शतक होते, आणि तो आता कर्णधार होता. पुढच्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले आणि २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसरा रणजी करंडक पटकावला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. प्रशिक्षक होते उस्मान गनी : विदर्भाचेच माजी खेळाडू, येथल्याच मुलांना वर्षानुवर्षे शिकवणारे. केरळच्या बाजूने सरवटे खेळत होता, आणि दिल्लीसाठी २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक काढणारा ध्रुव शौरी आता विदर्भाचा सलामीवीर होता. परिघ आता इतरांना माणसे देत होता आणि इतरांची माणसे ओढूनही घेत होता.

वस्तादाने राखून ठेवलेला डाव शिष्याने त्याच्यावरच टाकावा, यातच आमच्या मते वस्तादाची कसोटी आहे. पंडित यांनी विदर्भाला दिलेला खरा वारसा दोन करंडकांत मावणारा नाही. तो २०२५ च्या तिसऱ्या करंडकात आहे, ज्याच्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

पण या यशोगाथेत ‘विदर्भ’ हा शब्द आम्ही जितक्या सहजपणे वापरला तितका तो सोपा नाही. विदर्भाचे अकरा जिल्हे आहेत, आणि त्यांतही एक केंद्र आणि एक परिघ आहे. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा अशी नावे नागपूरबाहेरून पुढे आली. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा मात्र या यादीत ठळक दिसत नाहीत. स्कॉटलंडच्या कोळशातून बस्बी, शँकली, स्टीन निघाले. आमच्याकडे वरोऱ्यापासून बल्लारपूर-राजुऱ्यापर्यंत एकोणिसाव्या शतकापासून कोळसा निघतो आहे, त्याची वीज राज्यभर जाते. गुणी मुलांची वाण येथे कधीच नव्हती. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्यांत रबरी चेंडूने खेळणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो, आणि त्यांतल्या एखाद्याचा हात पाहून थबकतोही. पण सिरोंचा किंवा भामरागडपासून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. तेथल्या मुलाला पऱ्ह्यातून उचलून रोवणारा हात लागतो, तो इतक्या लांबून पोहोचत नाही.

या जंगलप्रदेशात एकलव्याची कथा निराळी ऐकू येते. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला हे सगळेच सांगतात. त्याआधी त्याला शिकवायला कोणी नव्हते, म्हणून त्याने मातीचा पुतळा केला, हे आम्हाला अधिक बोचते. आज मातीच्या पुतळ्याऐवजी मोबाइलचा पडदा आहे. बाकी चित्र फारसे बदललेले नाही. प्रदेशाला ताऱ्यांची हौस असते, आणि एखादा तारा उगवला की त्याच्या मिरवणुका निघतात. पंडित यांची कारकीर्द सांगते की मिरवणुकीच्या आधी दहा वर्षे कोणीतरी शिट्टी घेऊन उन्हात उभा असावा लागतो; तो स्वतः कधीतरी खेळलेला आणि हरलेला असेल तर उत्तम.

असे हरलेले, जिल्हास्तरावर थांबलेले, नोकरी धरून मैदान सोडलेले खेळाडू आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्याजवळ राखून ठेवलेला एकेक डाव आहे. तो कोणीतरी मागितला पाहिजे.